दारावरचा कॅमेरा

मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे. सुधीरने दारावर कॅमेरा बसवला, तोही थेट समोरच्या माशीमांच्या, म्हणजे शेजारच्या बंगाली मावशींच्या, दाराकडे रोखून. म्हणे हुशार माणूस कोणावर विश्वास ठेवत नाही. मी आपली बावळट!

आज सकाळी माशीमांनी त्यांच्याकडे ठेवलेली आमची जादा किल्ली परत आणून दिली. "अब तो कॅमेरा है ना," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि संध्याकाळी मी न्यू टाउनला ऑफिसात असताना ह्याचा फोन. किल्ली विसरलो, माशीमांकडची घेऊ का? "ती माझ्या पर्समध्ये आहे," म्हटलं आणि मोबाइलवर कॅमेरा उघडला. नवरोबा जिन्यात बसलेले. तेवढ्यात माशीमांचं दार उघडलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. आणि हा निर्लज्जासारखा प्यायला!

कॅमेरा अजून तिकडेच बघतोय. आता उठून सुधीरचाच मोजा चढवते त्याच्यावर.