चौथा प्लग

रविवार, ११ मार्च
दुपार, गॅरेजमागची खोली

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यापेक्षा ती स्वतःच जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नको. बाबाही बरे आहेत. तुझी खुशाली कळत असते, फोन ठेवल्या ठेवल्या आई मला सगळं इत्थंभूत सांगते. तुझा फोन आला की मी नेमकी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जाते, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. आठ वर्षं शोधतेय.

तर बातमी अशी, की काल मी आपल्या गाडीचे चारही स्पार्क प्लग बदलले. मी! आणि तुझे हेडर न काढता!

हो, तुझ्या त्या एक्झॉस्टच्या नळ्या अजून जागच्या जागी आहेत. "कंपनीने काय झक मारून एक्झॉस्ट दिला होता, की या पठ्ठ्याने दुसरा आणून बसवला?" हे बाबांकडून महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. पण त्या उतरवायला हातात पाना कुणी घेतला नाही. बाबांनी तर नाहीच नाही.

तुला वाटेल, प्लग बदलले त्यात काय एवढी फुशारकी? पण त्या नळ्या बसवताना तू स्वतःच म्हणाला होतास, की प्लग बदलणाऱ्याने आधी देवाला हात जोडावेत. पहिले तीन निघतात कसेबसे. चौथ्याच्या मात्र बरोब्बर तोंडावर नळीचं वळण येतं. पाना सरळ जात नाही आणि वरून बघावं तर प्लगच दिसत नाही. कामाला लागण्याआधी मी गाडी तीन तास गार होऊ दिली. तरी वेल्डरकाका दारातून म्हणालेच, "बारकी, मलम आणून ठेवू का?" मी म्हटलं, "ठेवा, तुमच्या जिभेला लागेल."

हवा मारून प्लगांभोवतीची धूळ उडवली, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडायला नको. वायरच्या टोप्या ओढल्या नाहीत, पिळून काढल्या. आणि मग रबरी नळीचा वीतभर तुकडा घेतला. नवीन प्लगचं वरचं टोक त्या तुकड्यात खोचायचं, हेडरच्या मागून प्लग भोकात सोडायचा आणि रबर नुसतं चिमटीने फिरवायचं. आटे जुळले तर प्लग गुपचूप आत जातो. तिरका लागला तर रबर हातातच घसरतं, जोर करताच येत नाही. ही युक्ती बाबांची. ते बाजूला स्टुलावर बसून होते आणि तोंडाने काम करत होते. "हळू. अजून हळू. तुझी गाडी सुटतेय का कुठे?"

ते स्टुलावर का, आणि पाना माझ्या हातात का, हे तू विचारशीलच. बाबा बरे आहेत असं वर लिहिलंय, ते पुरतं खरं नाही. त्यांचे हात थरथरतात, दादा. दीड वर्ष झालं. आई त्यांना कप अर्धाच भरून देते आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही. तुला सांगायचं नाही अशी बाबांनी आईला शपथ घातलीय. मला घातली नाही, कारण मी तुझ्याशी बोलतच नाही ना!

आणि आता ते लिहिते, ज्यासाठी फोन न करता पत्र लिहायला बसले. फोनवर तू मध्येच बोलला असतास आणि मी मध्येच थांबले असते.

चौथा प्लग मी काल काढला, तो काही पहिल्यांदा नव्हे.

तुला तो दिवस सांगायला नकोच. सगळे जुने मिस्त्री जमणार होते, बाबांचा सत्कार होता. तू गाडी चालवत होतास, बाबा नवीन शर्ट घालून शेजारी, मी आणि आई मागे. चढावर फाडकन आवाज झाला आणि चौथा प्लग आटे घेऊन बाहेर उडाला. त्याच सोहळ्याला निघालेल्या दोघा-चौघांनी आपली गाडी ढकलली. बाबा सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "तुझ्या नळ्यांनी इंजिन खाल्लं!" तू प्लग हातात घेऊन बघितलास आणि म्हणालास, "नळ्यांचा काही संबंध नाही. हा कुणीतरी तिरका बसवलाय." घरात प्लगला हात लावणारं माणूस एकच, बाबा. महिन्यापूर्वी त्यांनीच बदलले होते. बाबा आणखी मोठ्याने ओरडले, "म्हणजे मी?" आणि तू म्हणालास, "मग आणखी कोण?"

मी. आणखी मी होते, दादा. मागच्या सीटवर.

आदल्या दिवशी तू आणि बाबा दोघंही घरी नव्हता. बाबा मला नेहमी म्हणायचे, "तू फोन घे, पाना राहू दे." मला दाखवून द्यायचं होतं. चारात सगळ्यात अवघड कोणता, तर चौथा, म्हणून नेमका तोच काढला आणि परत लावला. दुसऱ्या दिवशी सोहळ्यातून परत येताना थाटात सांगणार होते. लावताना बोट पोचेना, म्हणून प्लग सरळ पान्यातच धरून फिरवला. दीड फेऱ्यातच तो कडक झाला. मला वाटलं, घट्ट झाला म्हणजे बसला! लावला सगळा जोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

त्या चढावर मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हा म्हटलं, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी तू बॅग भरत होतास. मग म्हटलं, परत आलास की सांगेन. तू आलाच नाहीस, आणि जसजसे दिवस गेले तसतशी मी जास्त भित्री होत गेले.

काल पहिले तीन प्लग झाले. चौथ्याला मी हात घातला तसे बाबा स्टुलावरून पुढे वाकले. म्हणाले, "हात चाचपडला नाही तुझा. न बघता नळीमागे वळला. कधी केलंस हे आधी?"

मी सांगितलं. हात आत, रबर चिमटीत, तोंड बॉनेटखाली, तसंच सगळं सांगितलं. रडू आवरेना. ते म्हणाले, "आधी तो बसव. अर्धवट काम ठेवून रडायचं नाही."

मी बसवला. रबराने आत जाईल तेवढा जाऊ दिला, मग आखूड पान्याने जरा जरा करत आवळला. वायर नळीपासून लांब बांधली. वर बघितलं तर ते आपले हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

"आठ वर्षं," ते म्हणाले, "मला वाटत होतं माझाच हात चुकला. पोरगं खरं बोलतंय हे कळत होतं, म्हणून तर एवढा ओरडलो."

दादा, ते त्या दिवसापासून प्लगचं काम दुसऱ्याला का देत होते, हे मला काल कळलं. तुमच्या दोघांचीही चूक नव्हती. तुझ्या नळ्या निर्दोष आणि त्यांचा हातही निर्दोष. हे जगात एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस आतल्या खोलीत काहीतरी शोधत होतं.

मग म्हणाले, "चालू कर." केली. चारही सिलिंडर एका सुरात! तुझ्या हेडरांचा तो भरदार आवाज गॅरेजभर झाला, वेल्डरकाका काम टाकून आले. बाबा त्यांना म्हणाले, "पोरीने बसवलेत. चौथासुद्धा." मला मान वर करून उभं राहता आलं. चूक तर माझी होतीच, पण हे कामही माझंच आहे, आणि ते चांगलं झालंय. मी खोटी नम्रता दाखवणार नाही.

माझ्यावर वाट्टेल तेवढा राग धर. मला शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर देऊ नकोस, येऊन दे, तोंडावर. मी दारात उभी असेन, आत पळणार नाही.

पत्राच्या शेवटी आहे ते बाबांचं अक्षर. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ऐकले नाहीत. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, टेबलाला कोपर टेकून लिहिलंय, आणि लिहून होईपर्यंत आम्हा दोघींना खोलीत येऊ दिलं नाही. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच, पण त्यांचं त्यांनीच लिहिलंय.

तुझी गुन्हेगार, आणि आता या गॅरेजची मिस्त्री,
बारकी


तुझं बरोबर होतं. घरी ये.
— बाबा