ए साइडचा चौथा ट्रॅक

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही. कागद निदान मध्येच उठून गॅस बंद करायला जाणार नाही.

हिने आज चहाबरोबर बातमी दिली. शिवणाच्या ऑर्डरी वाढल्यात, मोठं मशीन घेतेय, ते पुढच्या खोलीत ठेवायचं. पुढची खोली म्हणजे माझी श्रवणाची खोली! दोन स्पीकर, एक खुर्ची, आणि खुर्चीचे चारही पाय नेमके कुठे यावेत याच्या फरशीवर खडूने केलेल्या खुणा. हिच्या मते घरात उजेड येतो तो फक्त तिथेच, आणि तो सगळा माझ्या खुर्चीवर वाया जातो. मी म्हटलं, संगीताला उजेड लागत नाही. ती म्हणाली, मी तरी दुसरं काय म्हणतेय, मागच्या खोलीत ऐका.

युक्तिवाद अगदीच बिनबुडाचा.

३ फेब्रुवारी
मुद्दे डोक्यात स्वच्छ असावेत म्हणून लिहून काढतो.

मी कॉलेजात होतो तेव्हा लांब कुठेतरी काही पोरांनी आपापल्या झोपायच्या खोलीत बसून कीबोर्डवर आणि डबड्यासारख्या यंत्रांवर संगीत केलं. गायक नाही, शब्द नाहीत. नाचायचं नाही, नुसतं बसून ऐकायचं. त्यातले निवडक तुकडे घेऊन एका कंपनीने संकलन काढलं. आठ कलाकार. पैकी तिघे म्हणजे एकच माणूस तीन नावांनी, पण हे जाणकारांनाच माहीत. माझ्या तेव्हाच्या मित्राने, म्हणजे आताच्या मेहुण्याने, ते मला कॅसेटवर उतरवून दिलं. तेव्हापासून मी दुसरं फारसं काही ऐकलेलं नाही. मुलगी याला हट्टीपणा म्हणते. मी निष्ठा म्हणतो.

त्यातही ए साइडचा चौथा ट्रॅक. वरती ढगासारखा सूर, आणि खालून एक खडखड. धावते, थबकते, दम घेते, पुन्हा धावते. अशी तीनदा. यंत्राला माणसासारखं थबकायला शिकवलंय! माझा सिद्धांत: जन्म, संसार, मरण. चौथ्यांदा येणार असं वाटतं आणि येत नाही. कलाकाराने पुनर्जन्म नाकारलेला आहे. इथे दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. इंटरनेटवर जाणकारांच्या चर्चेत मी यावर लांबलचक लेखही टाकला होता. एकाने विचारलं, कुठली खडखड? जाणकारांतही बहिरे असतात.

६ फेब्रुवारी
हिच्याशी पैज लावली. पुढच्या रविवारी घरी बैठक. पाहुण्यांना संकलन ऐकवायचं. एकाने जरी 'पुन्हा लावा' म्हटलं तर खोली माझी, नाहीतर मशीनची. ही लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

संकल्प: प्रस्तावना छोटी. संगीताला बोलू द्यायचं.

९ फेब्रुवारी
प्रस्तावना पाऊण तासाची झाली आहे. काटछाट करणं म्हणजे श्रोत्यांवर अन्याय.

दुकानात तालीम केली. (मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो.) एक बाई यंत्राला हनुवटी टेकून बसल्या होत्या, त्यामुळे श्रोता जागचा हलणार नव्हता. तीन नावांच्या एका माणसापर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या की खालची ओळ दिसत नाही हे मी मघाशीच सांगितलंय. मग त्या मालकांकडे गेल्या. मालक माझ्याशी बराच वेळ बोलले. त्यांना संगीताची अजिबात आवड नाही.

११ फेब्रुवारी
नशीब बलवत्तर! त्याच संकलनाची नवी आवृत्ती निघाली आहे. मूळ टेपवरून, आवाज साफसूफ करून. इतक्या वर्षांनी पुन्हा काढावीशी वाटली, यातच सगळं आलं. हिला दाखवलं. ही म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखा आणखी कोणीतरी आहे तर. ताबडतोब सीडी मागवली. बैठकीत सगळ्यांसमोरच उघडणार.

१३ फेब्रुवारी
दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं. रविवारी सगळ्यांनाच एकदम कामं निघाली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर येतो म्हणाले. खायला काय आहे तेही विचारलं. मेहुणा येणार. मुलगी घरातच असते, म्हणून तिला धरलं. श्रोते तीन. मोजकेच बरे.

सीडी आली. हात शिवशिवतोय, पण उघडलेली नाही.

१५ फेब्रुवारी, दुपार
खुर्ची डॉक्टरांना द्यावी का? नको. सवय नसलेल्या माणसाला झेपायचं नाही.

१५ फेब्रुवारी, सगळे गेल्यावर
जे घडलं ते तटस्थपणे लिहितो.

प्रस्तावना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात डॉक्टरांनी डोळे मिटले. काही लोकांना एकाग्र झाल्यावर घोरायची सवय असते. मुलीने खूण केली म्हणून प्रस्तावना अर्ध्यावर सोडली आणि सीडी लावली. पहिले तीन ट्रॅक आरशासारखे लख्ख. चौथ्याच्या आधी मी हात वर करून सगळ्यांना सावध केलं. म्हटलं, आता जन्म येईल.

आला नाही. संसारही नाही. नुसता वरचा सूर गुळगुळीत वाहत गेला आणि संपला. मी पुन्हा लावला. (मी स्वतः लावलेलं पैजेत धरत नाहीत, असं मुलगी म्हणाली.) पुन्हा तेच! माझा तोल गेला. साफसफाईच्या नावाखाली कंपनीने आत्माच पुसून टाकला, असं मी ओरडलो. डॉक्टर दचकून जागे झाले. मग मी कपाटातून कॅसेट काढली आणि म्हटलं, अस्सल काय ते आता ऐका.

खडखड सुरू झाली. मला भरून आलं. मेहुणा आधी ताठ बसला, मग त्याने तोंडावर हात धरला, मग त्याला हसू आवरेना. म्हणाला, भाऊजी, हे ताईचं मशीन आहे. त्या काळी त्याच्याकडे जोडायची वायर नव्हती. म्हणून स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याने कॅसेट भरली होती, आणि त्याच खोलीत ताई शिवायला बसली होती. जरा थांब असं तिला म्हणायची त्याची छाती झाली नाही. माझीही झाली नसती.

ही हात पुसत बाहेर आली आणि कान देऊन ऐकू लागली. या संगीताला हिने कान दिल्याचं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. म्हणाली, अभ्रा असणार उशीचा. एक बाजू, कोपरा, दुसरी बाजू, कोपरा, तिसरी. मी विचारलं, आणि चौथी? ही म्हणाली, चौथी शिवली तर उशी घालणार कुठून?

म्हणजे इतकी वर्षं मी उशीच्या अभ्र्यासाठी रडत होतो.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा लावा हो. मेहुणा म्हणाला, पुन्हा, पुन्हा. मुलीने तर फोनवर भरून घेतलं. मी तत्काळ जाहीर केलं की पैज मी जिंकलो. ही म्हणाली, त्यांनी परत मागितलं ते तुमचं संगीत नाही, माझं शिवण.

यावर खणखणीत उत्तर आहे. उद्या सुचेल.

१६ फेब्रुवारी
सुचलं नाही.

१८ फेब्रुवारी
मशीन आलं. खोली मी आपणहून दिली. जिंकलेल्याने मन मोठं ठेवावं. खडूच्या खुणा ओल्या फडक्याने मीच पुसल्या. खुर्ची आता मागच्या खोलीत, दाराच्या आड. कोणी आत आलं की दार गुडघ्यावर बसतं.

हेडफोन लावून सीडी ऐकली. चौथा ट्रॅक पोकळ वाटला. मग कॅसेट लावली, तर डोळ्यांसमोर अभ्रा. दोन्ही हातचं गेलं. आज मनापासून वाईट वाटलं. लेखाखाली त्या 'कुठली खडखड' वाल्याला उत्तर द्यायला हवं. नंतर बघू.

२१ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस!

दुपारी पुढच्या खोलीतून हिने हाक मारली. मोठ्या पडद्यांचं काम होतं, टोक धरायला माणूस हवा होता. मी धरलं. मग ही आपणहून म्हणाली की ते तुमचं काय ते लावा ना, गप्प गप्प वाटतंय. मी टोक टाकून धावलो. दोन्ही स्पीकर आणले, सीडी लावली. प्रस्तावना जवळजवळ केलीच नाही. नवं मशीन नुसतं गुणगुणतं, संगीताला त्याचा काही त्रास नाही. ही मान खाली घालून शिवत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं झालं, पण हिने एकदाही बंद करा म्हटलं नाही. संपलं तेव्हा मान वर न करता म्हणाली, का थांबलं, असू दे चालू.

मी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. विचारलं, म्हणजे आवडलं?

ही म्हणाली, हो, छान आहे की, कामाला बरं पडतं. ऐकावं लागत नाही.