खालून आलेलं उत्तर

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे धडधाकट आहे, पण फोन सोडून मुद्दाम पत्र लिहिते आहे. परवा मी फोनवर सांगितलं की अक्कलदाढ काढली, फार दुखतंय. तर तुम्ही म्हणालात, वा, छान झालं, सगळ्यांना सांग. अहो, दाढ काढल्याचं काय सगळ्यांना सांगायचं? आईला वाटतं तुमचं लक्ष नसतं. मला वेगळंच वाटतं. तीस वर्षं झाडावर कानाशी करवतीचं मशीन घुरघुरतंय आणि आवाज अडवणारी कानाची टोपी तुमची कायम मानेत लटकलेली. एकदा कान दाखवून या ना!

आमच्या बागखात्याने मला नवं हलकं मशीन दिलंय. इतकं हलकं की एका हातानेच चालवावंसं वाटतं. मुकादम खालून ओरडले. आणखी एक, गेल्या आठवड्यात एक जाड फांदी कापताना खालपर्यंत साल सोलवटत गेली. माझं काय चुकलं?

मामाला नमस्कार. त्याला म्हणावं, लवंगा कमी चघळ, तोंड येईल.

आहे तशीच माया ठेवा.
तुमची खार

दि. १० मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाढेचं वाचून वाईट वाटलं. त्या दिवशी फोनमध्ये खरखर होती, बाकी काही नाही. लगेच बापाला म्हातारा ठरवू नकोस.

एका हाताने मशीन चालवणाऱ्याला मी एकच विचारतो, दुसरा हात काय खिशात घालायला दिलाय? मशीन उसळलं तर आवरायला दोन्ही हात लागतात. आणि मशीन सुरू करण्याआधी दोर आणि कमरेचा पट्टा, दोन्ही बांधलेलेच हवेत. एक कापला गेला तर दुसरा धरतो. फांदीचं म्हणशील तर तू सरळ वरूनच कापत सुटलीस. आधी खालून तिसरा हिस्सा खाच घ्यायची, मग थोडं पुढे सरकून वरून. शेवटी खुंट नीट काढायचा. हे तुला बाराव्या वर्षी शिकवलं होतं, विसरलीस?

आम्ही सध्या वाचनालयामागच्या निलगिरीवर आहोत. उंच आहे आणि वाऱ्याला जोर आहे. तुझा मामा खाली, मी वर, नेहमीचंच. वारा असला की हाक नीट पोचत नाही, पण आमचं अडत नाही. त्याचं तोंड हललं की मी समजतो. तेवढी वर्षं झाली आता आम्हाला एकत्र.

तुझी आई म्हणते वेळेवर जेव.

बाबाचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात असू दे.

दि. १४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. आज झाडावर माझा हात चालेना, मुकादमांनी मला खाली उतरवलं.

बाबा, "तोंड हललं की मी समजतो" म्हणजे काय? वरच्याने "सोडतो" म्हणायचं, खालच्याने बाजूला होऊन "सोड" म्हणायचं, आणि ते कानावर पडल्याशिवाय शेवटचा काप नाही. हा नियम मला कोणी शिकवला? तुम्हीच ना? मामाचं तोंड तर दिवसभर हलतच असतं! इतक्या उंचावरून तुम्हाला कसं कळणार की तो "सोड" म्हणाला, "थांब" म्हणाला, की लवंग या गालातून त्या गालात सरकवली?

खरं सांगा, तुम्हाला ऐकू येत नाहीये ना? आणि कधीपासून?

मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला भीती वाटते आहे. खाली उभा आहे तो आईचा एकुलता एक भाऊ आहे. कान दाखवेपर्यंत वर चढू नका, तुम्हाला माझी शपथ. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर मी मामालाच लिहीन. मग मला चोंबडी म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

लगेच दोन ओळी तरी टाका. जीव थाऱ्यावर नाही.
तुमची खार

दि. २० मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी दुपारी घरी आलं. मी मंगळवारी सकाळीच चढलो होतो.

आधी हे वाच, मामा जिवंत आहे. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, हात गळ्यात बांधलाय. डॉक्टर म्हणतात दीड महिन्यात भरून येईल.

झालं ते सांगतो. मी "सोडतो" म्हणालो. कोणी एक सायकलवाला आम्ही वाटेवर आडवी बांधलेली दोरी ओलांडून थेट फांदीखाली आला. मामा त्याला ढकलायला आत धावला आणि वर बघून ओरडला. मला त्याचं तोंड हललेलं दिसलं आणि मी कापलं. तो "थांब" म्हणत होता. सायकलवाला सुटला, फांदीचं टोक मामाच्या खांद्यावर आलं.

दवाखान्यात मामाने सांगितलं की तोच चुकून फांदीखाली गेला. मी तिथे गप्प बसलो. मला माझी लाज वाटते, पोरी. दोन दिवस घरात नुसता येरझारा घालत होतो, जेवण जात नव्हतं. शेवटी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाटी आणून समोर ठेवली आणि लिहिलं की तिला माझ्या कानांचं दोन वर्षांपासून माहीत आहे, 'लक्ष नसतं' हे ती तुला माझी लाज राखायला सांगायची. मामालाही माहीत होतं. तो रोज आधी लांब जाऊन उभा राहायचा आणि मगच माझ्याकडे तोंड करायचा. मला वाटायचं, मी किती हुशार, कोणाला पत्ता लागू दिला नाही.

त्याच झाडावर एक चिरलेली फांदी अजून लटकते आहे, बरोबर पायवाटेवर. वारा वाढतोय. काल माझ्याने राहवेना. पट्टा बांधला, शिडीवर दोन पायऱ्या चढलो. मनात म्हटलं, एवढी एक उतरवतो, मग कायमचं बंद. तेवढ्यात तुझा मामा गळ्यातला हात सांभाळत आला, दोरी ओलांडली आणि नेमका त्या फांदीखाली जाऊन उभा राहिला. मी हाताने हाकललं, शिव्या दिल्या. हलेचना. वर माझ्याकडे बघत राहिला, तोंडातून एक अक्षर नाही. मी उतरलो, पट्टा काढून जमिनीवर टाकला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. मग मी वाटेच्या कडेला बसून रडलो, आणि तोही शेजारी टेकला.

वाट दोन्हीकडून बंद करून ठेवली आहे. रविवारी तू ये. ती फांदी तू उतरव. खाली तुझा मुकादम आण, ज्याला ऐकू येतं असा. मी वाचनालयाच्या फाटकाशी थांबून येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवेन.

आणि सोमवारची रजा काढून ये. कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर तूच चल. ते काय सांगतील ते मला ऐकू यायचं नाही.

बाबाला पदरात घे.
तुझा बाबा