बुडबुडे डोंगराकडे जातात

३ जून

दिसलं! आई गं, दिसलं!

तीन वर्षं त्या नळीपुढे काढली. तीन माणसं उंच पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, खालून हवा सोडायची. बाहेरून नुसता पांढरा गोंधळ. आत हवा कुठे किती, देव जाणे. आज माझी जाळी आत बसवली — केसाएवढ्या तारा, चोवीस उभ्या, चोवीस आडव्या, एकमेकींना न शिवणाऱ्या. दोन तारांच्या मध्ये पाणी असलं तर वीज पलीकडे पोचते, हवा असली तर नाही. सेकंदाला हजार वेळा! आणि पडद्यावर एकेक बुडबुडा — फुगतो, दुभंगतो, दुसऱ्यात मिसळून जातो. मी टाळ्या वाजवल्या. एकटीच होते, बरं झालं.

४ जून

एक खटकतंय. हवा मधोमध जमायला हवी. ती डोंगराकडच्या कडेला चिकटून वर जाते.

५ जून

माझे मार्गदर्शक ओल्मेदो सर, त्यांनी पडदा बघितला. "यास्ना, जाळी वाकडी विणलीयस. सोमवारपर्यंत खरी करून दाखव, नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण काढ."

हे काढल्यावर उरतं काय? पुठ्ठा!

७ जून

जाळी काढली, पाव वळसा फिरवून परत बसवली. खोट जाळीत असती तर हवेचा डाग तिच्याबरोबर फिरला असता. नाही फिरला! डोंगराकडेच. जाळी खरं सांगतेय.

८ जून

नळी उभारली एवारिस्तो मिस्त्रींनी. त्यांना म्हटलं, जरा तपासा. भडकले. "माझं काम वाकडं? पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून ओळंबा धरतोय मी!"

ओळंबा सोडला. नळीचं वरचं टोक समुद्राकडे कललेलं — तीन बोटं. म्हणून बुडबुडे सरळ वर जाताना मागच्या, डोंगराकडच्या कडेला लागतात. आम्हाला कुणाला दिसलं नाही, बुडबुड्यांना कळलं!

"मार्चमधल्या भूकंपाच्या हादऱ्यानंतर ओळंबा लावला होता?" मी विचारलं.

"तो काय हादरा? चहासुद्धा सांडला नव्हता."

खरंच की. आम्ही सगळे पावाला पाल्ता, म्हणजे अवोकाडो, लावत बसून राहिलो होतो, मीसुद्धा. सतत हलणाऱ्या या अँतोफागास्ता गावात तेवढ्याला कोण उठतं!

९ जून

नळी सरळ करायला मिस्त्रींनी पट्टे सैल केले आणि थांबले. ओळंबा भिंतीला लावला. मग खांबाला. मग जिन्याच्या कोपऱ्याला. सगळीकडे तेवढाच कल, सगळीकडे समुद्राकडे.

"नळी भिंतीला धरून अगदी बरोबर आहे गं," ते हळूच म्हणाले. "इमारतच निघालीय समुद्राकडे."

सरांना बोलावलं. त्यांनी आधी ओळंबा बघितला, मग पडदा. एकदाच म्हणाले, "काय पण चीज विणलीस, पोरी." मग स्वतः जाऊन इमारतीच्या दाराला कुलूप घातलं. वर्ग आवारात भरणार. विद्यापीठाच्या कचेरीतली बाई फोनवर खेकसली, "बुडबुडे बघून इमारत बंद करता?"

हो! करतो!

मला भीती वाटतेय, आणि तरी मघापासून हसू येतंय. बिचारी हवा किती दिवस ओरडून सांगत होती.

१३ जून

सव्वाअकराला मोठा हादरा. धूळ बसली तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी नुसतं आकाश. अकराचा वर्ग आवारात उभा होता, सतरा पोरं. सर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. सतरा झाले तरी थांबेनात — पुन्हा पहिल्यापासून.