एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम

४ जानेवारी, पहाटे ५
पोलीस भरतीची तारीख लागली. पुढच्या खेपेला मी वयात बसत नाही, म्हणजे ही शेवटची. सोळाशे मीटर पळायचं. याआधीच्या चारही भरत्यांत जड बुटांनीच घात केला, यात आता शंका नाही. उद्यापासून कॅनॉलवर रोज पळणार. आज थंडी फार आहे.

७ जानेवारी
पळालो नाही. जड बुटांत पळून स्टाइल बिघडते. रेसिंग शूजचे व्हिडिओ पाहिले, चार तास. हाही सरावच.

१५ जानेवारी
जिंतूरला गेलो. बूटवाल्याला बुटाचं वजन माहीत नाही, आणि म्हणे दुकानदार! शेवटी तीन जोड शेजारी आश्रुबाच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर टाकले. साखर घ्यायला आलेले लोक हसले. हसू देत. सगळ्यात हलका बूट १९८ ग्रॅम. तोच जोड घेतला. आश्रुबा म्हणाला, आता तुमीबी चढा. पोत्यांच्या काट्यावर ८४ किलो भरलो. काटा खराब असणार.

२३ जानेवारी
नव्या बुटांचा फोम ठरावीक किलोमीटरच टिकतो. ते मैदानासाठी राखून ठेवलेत. जुन्यांत पळणं बंदच. म्हणून विश्रांती. बायको पंचफुला म्हणाली, "बूट हलके झाले. तुमी कवा व्हणार?" तिला खेळातलं काय कळतं? दोन दिवस अबोला.

६ फेब्रुवारी
वडिलांचे गुडघे गेलेत, तरी लंगडत मेंढरांमागं फिरतात. मला नोकरी लागली की कळप विकायचा, असं अकरा वर्षं ठरलंय. आज विचारत होते, गिऱ्हाईक बघू का? म्हणालो, खुशाल बघा. विचारण्याचा सूर मात्र झोंबला. घरात कुणाचाच विश्वास नाही.

२१ फेब्रुवारी
परभणीला भरतीच्या मैदानात पळालो. बूट चावले नाहीत, घसरले नाहीत, लेससुद्धा सुटली नाही. दुसऱ्या फेरीतच मला दम लागला. शेवटची फेरी चालत. सगळ्यांच्या मागे. येष्टीत बसून सबब शोधत होतो, जिंतूर आलं तरी सापडली नाही. स्वतःची लाज वाटली.

वडिलांनी निकाल विचारला नाही. एक बूट हातात घेऊन उलटा केला, तळ अंगठ्यानं दाबून पाहिला.

"रानातल्या काट्यात टिकतेल का रे, रामहरी?"

नाही म्हणालो. उद्यापासून मेंढरांमागं मी जायचंय.