पुढचं दार मागे गेलं

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (नऊ वर्षांचे साठलेले सगळे एकदम घालतो आहे.) मधल्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र कशाला, असं तू म्हणशील; पण इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम तोंडाने बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची? तब्येत ठीक असावी. तुझ्या शिंका अजून तीन-तीनच येतात, ऐकू येतात.

वाटणीत रस्त्याकडची बाजू मी हट्टाने घेतली आणि मागची तुझ्या माथी मारली, हे मी विसरलेलो नाही. आता रस्ताच हलला. महामार्गाच्या इंटरचेंजला (म्हणजे गोल फिरणाऱ्या जोडरस्त्यांना) जागा हवी म्हणून आपला रस्ता उचलून दुसरीकडे नेणार, असं कळलं तेव्हा मला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. रस्ता उचलतात कसा? कापतात की गुंडाळतात? मोजणीवाले आले तेव्हा चहा घेऊन गेलो, तो तीन दिवस तिथेच. त्यांची लाल-पांढरी काठी धरून उभा राहायचो (ती जराही हलवायची नसते, नाकावर माशी बसली तरी). "जरा मागे, काका" म्हणाले की मी मागे. असा मागे मागे सरकत मी थेट तुझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली पोचलो, तरी रस्ता निघालाय कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं ते भलतंच, की जुना रस्ता शेवटी जातो कुठे?

मोजणीवाला म्हणाला, "रस्ता कुठे जातो, काका? माणसं जातात."

आणि गेली की. आता माझ्या दारापुढे चार पावलांवर भरावाची उंच भिंत आहे आणि वरून मोटारी गोल फिरतात (एक निळी चुकून तीनदा फिरली, बिचारी). दूधवाला, पोस्टमन, बसथांबा, सगळे तुझ्या दारात. मला बाहेर पडायला घराच्या कडेचा तो बोळ. त्यातून मी आडवा होऊन जातो आणि पोटाला चुना लावून घेतो. परवा नवं कपाट आलं, ते बोळात अडकलं आणि त्याच्यामागे मी अडकलो, दुपारभर. तिथे उभ्या उभ्या मनात आलं, याच बोळातून तू नऊ वर्षं गॅसचे सिलिंडर आणलेस, वहिनी आजारी होत्या तेव्हा त्यांना हाताला धरून नेलंस, आणि मी पुढच्या दारात खुर्ची टाकून बघत होतो. लाज वाटली, दादा.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. मधल्या भिंतीत एक दार पाडावं म्हणतो. तुझ्या खोलीतून जा-ये करीन, पाय पुसून.

ता. क. २. रस्ता हलला नसता तर हे पत्र लिहिलं असतं का? नसतं. खोटं कशाला बोलू?

ता. क. ३. पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणते, बोळातल्या खिडकीतून वहिनींशी तिचं रोजचं बोलणं आहे, दाराचं महिन्यापूर्वीच ठरलंय, गवंडी सोमवारी येतोय. आपल्या दोघांना कोणी विचारलेलं नाही. तरी तू 'हो' म्हण. जरा मोठ्याने म्हण, मी भिंतीलाच कान लावून बसलेला असेन.