मिठाची रास

श्रावणातला शनिवार, दिवेलागण

आमच्या छोट्या मिठागर-संग्रहालयातली लाकडी पाटावरची मिठाची रास यंदाही पावसाळी हवेनं विरघळली. दरवर्षी विरघळते, अन् आम्ही गावच्या मिठागरातून नवी आणून ओततो. पण ते शेवटचं मिठागर उन्हाळ्यात भरावाखाली गेलं. आता रास आणायची कुठून?

माझ्याबरोबर संग्रहालय सांभाळणारी हिराबाई म्हणाली, "दादूस, दुकानातला मीठ वत. कोनाला कलनार हाय?"

"तुला कळेल ना?"

तिनं नुसतं फडकं उचललं. जन्म मिठागरात गेलेली बाई. उगाच बोललो का मी? पण खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही? अन् पोरं आली की दाखवायचं काय, रिकामा पाट?

तिनं ओला पाट पुसायला घेतला. मध्येच थांबून बोट जिभेला लावलं.

"आपलाच हाय," म्हणाली. मग तिच्यानं पुढं पुसवेना.